आज सही चालणार नाही

जूनचा शेवटचा सोमवार. पहाटेपासून पावसानं झोडपून काढलं होतं आणि कोपरखैरण्यातल्या आमच्या गल्लीत घोटाभर पाणी साचलं होतं. आईचा खोकला तिसऱ्या आठवड्यात गेला होता. दोन आठवड्यांच्या पुढे खोकला गेला की थुंकी तपासून घ्यायची, हे आमच्या घरात कुणी कुणाला सांगावं लागत नाही. शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकली, आईच्या डोक्यावर पदरावरून प्लास्टिकची पिशवी बांधली आणि रिक्षानं दोघी सरकारी दवाखान्यात गेलो. केसपेपर काढला. बोळात खिडकीच्या गजांना ओल्या छत्र्या टांगलेल्या, फरशीवर पोतेऱ्याचे पट्टे, फिनाइलचा आणि दमट कपड्यांचा मिळून एक वास. बोळाच्या टोकाला थुंकी तपासायची खोली. तिच्या दाराबाहेरच्या बाकावर पाच-सहा पेशंट बसले होते, आणि त्यांच्यातच, अ‍ॅप्रन न घालता, मांडीवर पर्स धरून लॅबच्या ताई बसल्या होत्या.

मला आधी वाटलं, त्यांच्या घरचं कुणी आजारी असेल. एकोणीस वर्षांत मी त्यांना त्या दाराच्या बाहेर बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. "काय हो ताई, बाहेर का?" मी विचारलं. "आज ब्रेक आहे माझा," त्या म्हणाल्या. मग आवाज थोडा खाली आणून, "म्हणजे आज मी इथं नाहीये." आईला काही उमगलं नाही. "रजा हाय व्हय?" तिनं विचारलं. त्या हसल्या. "रजा असती तर बरं झालं असतं, आई. रजेला हजेरीपटावर नाव असावं लागतं." तेवढ्यात आतून सिस्टरांची हाक आली, "ताई, सहा डब्या झाल्या हो, जरा येता का?" ताई उठल्या. पर्स खिडकीत ठेवली, दारामागच्या खिळ्याला लटकवलेला अ‍ॅप्रन चढवला, हातमोजे घातले. आईला झाकणाची डबी दिली, मागच्या मोकळ्या ओट्यावर नेऊन उभं केलं, "छाती भरून श्वास घ्या, मग खोकून काढा, लाळ नको," असं स्वतः खोकून दाखवत सांगितलं. डबीवर नंबर घातला, चिठ्ठीवर आईचं नाव, वय, पत्ता लिहिला. आणि चिठ्ठीच्या तळाशी, जिथं सही करायची, तिथं पेन टेकवून थांबल्या. "ही उद्या करते. आज माझी सही चालणार नाही."

ते वाक्य मनातून जायला तयार नाही.

आमचे नाना, म्हणजे माझे वडील, माथाडी. पाटण तालुक्यातल्या डोंगरातल्या वाडीतून अठराव्या वर्षी दाणाबंदरात आले आणि मार्केट मुंबईतून इकडं हललं तेव्हा आम्हीही त्याच्या मागोमाग खाडी ओलांडून आलो. २००६ च्या दिवाळीनंतर त्यांना खोकला लागला. धुळीचा असेल म्हणून त्यांनी महिनाभर अंगावर काढला. मिरचीच्या नि हळदीच्या पोत्यांखाली आयुष्य गेलेल्या माणसाला खोकल्याचं काय नवल? पण क्विंटलचं पोतं पाठीवर घेणारा माणूस दोन जिने चढून दम खायला लागला, तेव्हा मी त्यांना ओढून याच दवाखान्यात आणलं. ताई तेव्हा नव्यानंच लागल्या होत्या. लग्नही झालेलं नव्हतं त्यांचं. वेणी घातलेली, अ‍ॅप्रन दोन मापं मोठा. मी तेव्हा नवखी मास्तरीण, कुठल्याही गोष्टीत नाक खुपसणारी, "मला बघू द्या ना काय दिसतं ते," असं म्हणाले आणि त्यांनी खरंच बघू दिलं.

काचेच्या पट्टीवर थुंकीचा पातळ थर. त्याच्यावर लाल रंग ओतायचा आणि खालून ज्योत फिरवत वाफ निघेपर्यंत तापवायचं, पण उकळू द्यायचं नाही. मग आम्लानं धुवायचं. बाकी सगळ्याचा लाल रंग निघून जातो, क्षयाचा जंतू मात्र धरलेला रंग सोडत नाही. वरून निळा रंग. पाण्याखाली धरून, निथळून, वाळवून, तेलाचा एक थेंब आणि मग भिंगाखाली. मी डोळा लावला तर आधी नुसता निळा धुरळा. ताईंनी माझ्या हाताशेजारी हात नेऊन चाकी केसभर फिरवली आणि निळ्यावर बारीक लाल काड्या उमटल्या. किंचित वाकलेल्या, दोन-तीन एकमेकींवर पडलेल्या. "ह्या," त्या म्हणाल्या. "शंभर फील्ड, म्हणजे भिंगात एका वेळी दिसणारे तुकडे, बघायचे असतात. एवढ्या लगेच दिसायला नको होत्या." मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "पण औषधानं जातात. सहा महिने एकही दिवस चुकवू नका." नानांच्या नावानं लाल रंगाचा पुठ्ठ्याचा खोका आला. तेव्हा प्रत्येक पेशंटचा सगळा डोस त्याच्या नावाच्या खोक्यात बाजूला काढून ठेवत. आठवड्यातून तीन दिवस, समोर उभं राहून गोळ्या. नानांनी तीन दिवस दांडी मारली की ताई मार्केटातल्या मुकादमाच्या फोनवर फोन करायच्या. नाना बरे झाले. त्यानंतर बारा वर्षं जगले.

तेव्हापासून ताई त्याच खोलीत आहेत. भिंगाशेजारी आता मशीन आलंय, दोन तासांत निकाल देणारं. नावनोंदणी ऑनलाइन झाली, गोळ्या रोजच्या झाल्या, क्षयरोगाच्या कार्यक्रमाचं नाव बदललं. डॉक्टर किती आले आणि बदलून गेले त्याची मोजदाद नाही. एवढं सगळं बदलत असताना ताई मात्र दर वर्षी नव्यानं लागतात. अकरा महिने एकोणतीस दिवसांचा आदेश, मग एक दिवस कोरा, मग पुन्हा नवा आदेश. तो कोरा दिवस मध्ये ठेवायचा, कारण सलग नोकरी दिसता कामा नये. हे मला मंगळवारी कळलं. आईचा दुसरा, पहाटेचा नमुना घेऊन गेले तेव्हा पाऊस उघडला होता आणि गर्दी नव्हती. ताईंनी ड्रॉवरमधून एक फुगलेली फाइल काढून टेबलावर ठेवली. एकोणीस आदेश, प्रत्येकाला प्लास्टिकचा कागद चढवलेला. सुरुवातीचे डॉट मॅट्रिक्सवर छापलेले, त्यांची शाई पिवळटलीय. पुढचे लेझरचे, काळेभोर. मजकूर तोच. "सदर नियुक्ती निव्वळ तात्पुरत्या स्वरूपाची." प्रत्येकाच्या मागं मुद्रांकावरचा करारनामा, पूर्वी शंभराच्या, आता पाचशेच्या. त्यात एक कलम असतं की कायम सेवेचा हक्क सांगणार नाही. दर वर्षी त्या स्वतःच्या पैशानं तो कागद आणतात आणि त्या कलमाखाली सही करतात. ती सही चालते.

"मुलाच्या वेळी," त्या पानं उलटत म्हणाल्या, "आदेश संपायला दीड महिना होता. पुढचा आदेश निघताना माणूस समोर दिसायला हवं, असं सगळे म्हणायचे. बाळ सव्वादोन महिन्यांचं असताना मी या स्टुलावर येऊन बसले. सांगितलं कुणी नव्हतं. भीती माझीच होती." घणसोलीत घर घ्यायचं म्हणून त्या एकदा बँकेत गेल्या होत्या. अधिकाऱ्यानं फाइल शांतपणे बघितली, चहा पाजला आणि विचारलं, पुढच्या जुलैनंतरचा पगार कुठल्या कागदावर दिसतो? त्याचंही चुकलं नाही, त्या म्हणाल्या. अजून भाड्यानंच राहतात. त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही, दवाखान्याचंही नाही. तसं त्यांनी सांगितलं आणि कारणही सांगितलं, विसावा आदेश अजून हातात यायचा होता.

मी स्वतः कायम आहे. अनुदानित शाळेत शिक्षणसेवक म्हणून लागले, तीन वर्षं तुटपुंज्या मानधनावर काढली आणि मग नियमित वेतनश्रेणीचं पत्र आलं. ते पत्र नानांनी देवापुढं ठेवलं होतं, हळदकुंकू वाहून. मला आठवतंय, त्या रात्री मी पहिल्यांदा पुढच्या दहा वर्षांचा विचार केला. तोवर विचार पुढच्या जूनपर्यंत जायचा आणि तिथंच थांबायचा. भिंतीला रंग कोणता द्यायचा, भावाच्या शिक्षणाला किती बाजूला काढायचं, दुखणारा दात आत्ताच काढून टाकावा का, असले साधे विचारसुद्धा नोकरी टिकेल की नाही या एका प्रश्नाच्या मागं रांग लावून उभे असतात. माझी ती रांग तीन वर्षांत सुटली. ताईंची एकोणीस वर्षं तशीच उभी आहे, आणि या एकोणीस वर्षांत आम्ही दोघी जवळजवळ सारखंच राबलोय. मी मुलांना बाराखडी शिकवली आणि त्यांनी दिवसाला वीस-पंचवीस काचा तपासल्या, तोंडाला मास्क बांधून, दुसऱ्याच्या छातीतलं हाताळत. फाइल बघताना मला माझ्या पगाराची लाज वाटली असं नाही म्हणणार. पण मान वर करून त्यांच्याकडं बघायला जरा वेळ लागला.

नानांना काही मालक नव्हता. आज या गाळ्यावर, उद्या त्या. टोळीला मुकादम आणि टोळीला नंबर. अण्णासाहेब पाटलांनी या माणसांची संघटना बांधली त्याच्या आधी पाठीवर पोतं असेपर्यंत माणूस, पोतं उतरलं की कुणी नाही, असा हिशेब होता. नाना सांगायचे, जुन्या दाणाबंदरात पडून पाय मोडलेल्या माणसाला टोळीतले चार जण वर्गणी काढून एसटीत बसवून देत आणि तो परत दिसत नसे. मग १९६९ साली महाराष्ट्रानं माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा केला. व्यापारी म्हणत होता, हा माझा नोकर नाही. कायद्यानं त्या वादात न पडता वेगळी वाट काढली. व्यापाऱ्यानं मजुरी आणि वर लेव्ही, म्हणजे मजुरीवर ठरावीक टक्के जादा रक्कम, माथाडी बोर्डात भरायची, बोर्डात कामगाराची नोंद राहणार, बोर्डातून पगार, फंड, बोनस, ग्रॅच्युइटी. "बोर्डात नाव लागलं" हे आमच्या वाडीत लग्न जमवताना सांगायचं वाक्य होतं. कोपरखैरण्याची आमची बैठी खोली, माझं डीएड, भावाचं आयटीआय, नानांच्या म्हातारपणीची औषधं, सगळं त्या एका नावनोंदणीतून आलं. त्यांच्या मानेमागं बशीएवढा घट्टा होता, लहानपणी मी त्यावर टिचक्या मारून बघायचे. लाकडासारखा आवाज यायचा. पण त्या घट्ट्याची नोंद सरकारदरबारी होती.

हे आठवलं की मला कोडं पडतं. ज्याला मालकच नव्हता त्याची हजेरी धरायची युक्ती याच राज्याला सुचली, आणि ताईंचा मालक तर समोर आहे, राजमुद्रा असलेल्या कागदावर. मग त्यांच्या हजेरीतून दर वर्षी एक दिवस का खोडावा लागतो?

ठाण्याच्या औद्योगिक न्यायालयात प्रॅक्टिस करणारे एक वकील आमच्या ओळखीचे आहेत, माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील. शाळेच्या पालकसभेनंतर मी त्यांना गाठलं. त्यांनी मला उभ्या उभ्या जे सांगितलं ते ऐकून मी चक्रावले. १९७१ च्या राज्याच्या कायद्यात, कामगार संघटनांची मान्यता आणि अनुचित कामगार प्रथा यांच्यावरच्या, अनुचित प्रथांची यादी आहे. चौथी अनुसूची, सहावी बाब. माणसाला बदली, नैमित्तिक किंवा तात्पुरता म्हणून घ्यायचं आणि कायम कामगाराचा दर्जा नि लाभ मिळू नयेत या हेतूनं वर्षानुवर्षे तसंच ठेवायचं, ही अनुचित प्रथा. "वर्षानुवर्षे" हा शब्द कायद्याच्या पुस्तकात असेल असं मला वाटलं नव्हतं. हा आपल्या बायकांच्या बोलण्यातला शब्द. एसटीच्या सफाई कामगारांनी याच कलमावर लढून २००९ साली सर्वोच्च न्यायालयातून आपली बाजू मान्य करून घेतली. मुंबईत कचऱ्याच्या गाड्यांवर कंत्राटदाराच्या नावाखाली राबणाऱ्या २,७०० कामगारांना कायम करण्याचा आदेश एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकला, तोही वर्षानुवर्षांच्या लढ्यानंतर. "पण पद मंजूर लागतं," वकील म्हणाले. "पदच नसेल तर न्यायालय कुठून देणार? म्हणून तर पदं निघत नाहीत." आणि मग ते उमादेवी निकालाकडं वळले.

तो निकाल १० एप्रिल २००६ चा. कर्नाटकातलं प्रकरण, पाच न्यायमूर्तींचं घटनापीठ. म्हणजे ताई ज्या वर्षी या स्टुलावर बसल्या त्याच वर्षीचा. नुसती वर्षं भरली म्हणून कुणाला कायम होण्याचा हक्क नाही, सरकारी नोकरी ही जाहिरात, स्पर्धा आणि सगळ्यांना समान संधी याच वाटेनं मिळाली पाहिजे, असं त्यात सांगितलं. त्याच निकालात पुढं असंही आहे, की पात्र माणसं मंजूर पदांवर दहा वर्षं किंवा त्याहून जास्त, न्यायालयाच्या हुकमाचा आधार न घेता राबत असतील, तर त्यांना एकवार नियमित करा. पुढची अनेक वर्षं कार्यालयांनी पहिला भाग घोकला, दुसरा कुणी वाचेना.

आता जे लिहायचं आहे ते मला जड जातं. माझा भाचा ठाण्यात नौपाड्याच्या एका अभ्यासिकेत सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत बसतो. एकोणतीस वर्षांचा आहे. सरळसेवेचे फॉर्म, हजार-हजार रुपये फी, पेपर पुढं ढकलले, पेपर फुटले. २०२३ च्या तलाठी भरतीला साडेचार हजारांच्या आसपास जागा आणि दहा लाखांच्या वर अर्ज. त्याच वर्षी सप्टेंबरात बाहेरच्या एजन्सींमार्फत सरकारी कामाला माणसं घ्यायचा शासननिर्णय निघाला तेव्हा तो चिडून रस्त्यावर उतरला होता आणि ऑक्टोबरात निर्णय मागं घेतला गेला तेव्हा पेढे घेऊन घरी आला होता. मी त्याला ताईंचं सांगितलं. तो जेवायचा थांबला. "मावशी, वाईट वाटतं मला. पण अशी एकेक जागा आतल्या आत भरली, तर मी बसलोय कशासाठी? मला निदान परीक्षा तरी द्यायला मिळाली पाहिजे ना." त्याच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघताना मला त्याला काही सुनवावंसं वाटलं नाही. घटनापीठ जे म्हणालं तेच तो म्हणत होता, फक्त त्याच्या आवाजात रात्रीची झोप नव्हती.

मी एवढंच विचारलं, की ताईही जाहिरात बघून अर्ज करून, गुणवत्ता यादीत येऊन, कागद तपासून लागल्या होत्या. मागच्या दारानं नाही. त्यांच्या वेळी कायम जागेची जाहिरात निघाली असती तर त्या तिथं बसल्या नसत्या? तो बराच वेळ गप्प राहिला. मग ताट उचलताना म्हणाला, "निघाली असती तर त्यांची एक झाली असती आणि माझी एक निघाली असती." हे त्याचं खरं आहे. तरीही आजच्या तारखेला जागा एक आणि माणसं दोन, हे त्यानं मिटत नाही. मला दोघांचीही बाजू घ्यावीशी वाटते. पण निवडायचीच झाली तर मी ताईंची घेते. भाच्याचं वय निघून जाईल ही भीती मला आहे, ताईंचं निघून गेलेलं आहे.

शाळा सुटल्यावर मी यावरचं मिळेल ते वाचू लागले. फरिदाबादला केंद्रीय जल आयोगाच्या कार्यालयात झाडू मारणाऱ्या आणि बाग राखणाऱ्या काही जणांचं प्रकरण त्यातच सापडलं. दहा-दहा, वीस-वीस वर्षं काम. कायम करा म्हणून ते न्यायाधिकरणात गेले, अर्ज फेटाळला गेला आणि काही महिन्यांतच, ऑक्टोबर २०१८ मध्ये, त्यांना काढून टाकलं. आणि तेच झाडणं, तेच पाणी घालणं बाहेरच्या एजन्सीला दिलं. २० डिसेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं त्यांना परत घेऊन नियमित करायला सांगितलं. काम कायमचं आणि गरजेचं असताना माणसाला तात्पुरत्याची पाटी लावून ठेवणं, आणि उमादेवी निकाल त्याच्याविरुद्ध ढालीसारखा वापरणं, न्यायालयाला मान्य नव्हतं. ती पानं मी मोबाइलवर मोठी करकरून वाचली. न्यायमूर्तींच्या इंग्रजीतून मला आमच्या दवाखान्याचा बोळ दिसत होता.

आपल्याकडंही काही हललंय. राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या, दहा वर्षं भरलेल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांना नियमित पदांच्या तीस टक्के जागांवर सामावून घ्यायचा निर्णय १४ मार्च २०२४ ला झाला. त्याची अंमलबजावणी होईना म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये राज्यभर हे कर्मचारी संपावर गेले. त्याच महिन्यात उत्तर प्रदेशातल्या रोजंदारी कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं राज्याला सुनावलं, की सरकार हा साधा मालक नव्हे, संविधानानं बांधलेला मालक आहे, आणि पैशाची तोंडमिळवणी त्यानं सर्वांत खालच्या माणसाच्या पाठीवर करू नये. पाठीवर. मला नानांचा घट्टा आठवला.

संपाच्या दिवसांत ताईंच्या खोलीला कुलूप होतं. शेजारच्या बिल्डिंगमधला एक रिक्षावाला मुलगा नमुना घेऊन गेला आणि तसाच परत आला. मी ताईंना फोन केला, थोड्या रागानंच. मागून घोषणांचा गलका येत होता. त्यांनी आधी त्या मुलाचं नाव विचारलं, खोकला किती दिवसांचा, रक्त पडतंय का, घरात लहान मूल आहे का. मग दुसरं कुठलं केंद्र उघडं आहे ते सांगितलं, किती वाजेपर्यंत नमुना घेतात तेही. शेवटी म्हणाल्या, "मलाही झोप लागत नाही हो. पण एकोणीस वर्षं मी उघडी ठेवली ती खोली, तेव्हा कुणाला दिसली नाही." माझा राग तिथंच ओसरला.

मी हे लिहीत बसले होते तर आई येऊन विचारून गेली, "ताईंचा कागद आला का गं?" आला. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आला होता, विसावा, मजकूर तोच. तिला सांगितलं तरी ती पुन्हा पुन्हा विचारते. तिला ताईंचा तो सोमवार विसरता येत नाही. त्या दिवशी दोनला खिडकी बंद झाली तेव्हा आम्ही पाऊस थांबायची वाट बघत बोळातच बसलो होतो. आतून स्पिरिटच्या दिव्याचा वास आला, नळाचं पाणी वाजलं, मग बराच वेळ काहीच नाही. शंभर फील्ड बघायला जेवढा लागतो तेवढा वेळ. ताई अ‍ॅप्रन खिळ्याला अडकवून बाहेर आल्या, पर्स घेतली, इकडंतिकडं बघितलं आणि आईजवळ थांबल्या. रिपोर्ट देणं त्यांच्या हातात नव्हतं, त्या दिवशी त्या तिथं नव्हत्या. "आई," त्या म्हणाल्या, "घरी जाऊन निवांत जेवा. गरम गरम." आईनं त्यांचा हात धरला आणि काही वेळ सोडलाच नाही.

दुसऱ्या दिवशीचा कागद माझ्यासमोर आहे. निगेटिव्ह. तपासल्याची तारीख एक जुलै, खाली सही. आईनं तो नानांच्या औषधाच्या जुन्या कार्डाबरोबर एकाच पिशवीत घालून ठेवलाय. कार्डावरची सही २००६ ची आहे. तेव्हाचं शेवटचं अक्षर गोल, सावकाश काढलेलं, आता ते नुसतं एका ओढीत जातं. बाकी सही तीच आहे.